आगुदर वरून

हेटीटोल्याचा हातपंप आठवडाभर नुसती हवा ओकत होता.
मी धानोऱ्याहून निघालो. पाने, चामडी वॉशर, दोराचं बंडल,
हॅन्डलला अडकवलेली पाण्याची बाटली.
बाटली वाटेत कुठं पडली, ते अजून ठाऊक नाही.

वैशाख. नाल्यात नुसते दगड,
फडीवर तेंदूपत्त्याचे पुडे उन्हाला पालथे.
बारा पाईप वर काढले तोवर माझी जीभ
टाळूला चिकटली.
पाईप धरू लागलेला सुकरू हलामी म्हणाला,
"पानी पायजे? चाल."
आणि कुऱ्हाड घेऊन जंगलाकडं वळला,
नाल्याच्या उलट दिशेनं.

ऐनाच्या झाडावर पाणीवेल चढलेली,
पिंडरीएवढी जाड, साल कोरडी, ठिसूळ,
कुणी म्हणणार नाही हिच्यात ओल असेल.
मी कान लावला.
काहीच नाही.

कुऱ्हाड मी मागितली. गुडघ्याएवढ्या उंचीवर
उगारली तशी त्यानं मनगट धरलं.
"आगुदर वरून तोडाचा. खालून मारलास
त पानी वर पराते."

एकोणीस वर्षं पाण्याच्याच नोकरीत आहे मी.
पाणी वर पळतं म्हणे!
शेजारच्या वेलीवर दोन घाव घातले, खालीच.
तोंड उघडलं, चमकलं,
आणि माझ्या डोळ्यांदेखत कोरडं झालं.
आत कुणीतरी घोट गिळावा, तसं.

सुकरू हसला नाही.
दगडावर चढून त्यानं दुसरी वेल आधी डोक्यावरून तोडली,
मग खालून.
हातभर ओंडका उभा धरला माझ्या तोंडावर.
थेंब, थेंब, मग धार.
तुरट, लाकडाच्या वासाची, मडक्याहून गार.

वरून ओढायचं तर पाणी अठ्ठावीस फुटांपुढं येत नाही,
नागपूरच्या ट्रेनिंगला फळ्यावर लिहून दिलं होतं आम्हाला.
म्हणून तर आम्ही सिलिंडर खाली सोडतो,
म्हणून तर हा दांडा, ही साखळी, हे वॉशर.
ऐनाचा शेंडा साठ फूट तरी असेल.
"मंग वर पंप कोन मारते?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.
त्यानं हनुवटीनं दाखवलं. वर, उन्हात,
पानं नुसती हलत होती.
"पाला पेते."

रिकाम्या तुकड्याला तोंड लावून
त्यानं विडीचा धूर फुंकला.
धूर दुसऱ्या टोकानं सावकाश बाहेर आला.
तेव्हा मी कापल्या जागेकडं नीट पाहिलं:
भोकंच भोकं, साध्या डोळ्यांना दिसणारी,
रव्याच्या चाळणीसारखी.
ऐनाचं लाकूड गच्च, त्याला उभं राहायचंय.
हिनं आपला सगळा भार त्याच्यावर टाकलेला,
मग अंगात जागाच जागा,
मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची एक लांब दोरी
ताणून धरायला.
एवढी ताणलेली, की कुठं बुडबुडा शिरला
तर ती नळी गेली.
माझ्या पंपासारखीच, हवा धरली की संपलं.
फरक एवढाच, की तिला शेजारची नळी असते.
हेटीटोल्याला पंप एकच.

वॉशर फाटलेलं निघालं. बदललं.
पाईप पुन्हा सोडले, एकेक.
सोनारू उसेंडीची पोरगी दांड्यावर लोंबकळत मोजत होती;
एक्केचाळिसाव्याला ठसका, त्रेचाळिसाव्याला पाणी, आधी गंजाचं.
गुंड लावायला सगळे धावले.
मी रजिस्टरात लिहिलं: वॉशर, नग एक.
वेलींचा रकाना तिथं नाही.

परतताना मुद्दाम त्याच वाटेनं आलो.
मी तोडलेली ती वेल खालच्या अंगाला दोन तुकडे,
वरचा तुकडा हवेत लोंबत होता.
शेंड्यावरची पानं मात्र हिरवीगार, वाऱ्यावर हलत,
पीत होती.
त्यांना अजून कळलं नव्हतं.